ऐकणारा डबा

"गायला कोन सांगतंय तुना? खाली बोल, नुसते बोल सांग ना गे फुफू. शिरा खाल्लान, ताट चाटलान, हितवर मना आठावतंय. म्होरचा काय ता?"

"गायत नाय हां मी. सांगतंय. हजवरनं आल्यापासनं माझा गाना बंद हाय, तुना म्हाईत हाय."

"म्हाईत हाय गे. सांग खाली."

"आनि तुना या वयात व्याह्याच्या गान्याशी काय काम पडला? तुझ्या लग्नात गायलेलो आमी, तर तुझ्या सासऱ्यानं अजून तोंड सरळ केलान नाय."

खैरुद्दीन फसकन हसला. शारजाच्या औद्योगिक भागातल्या खोलीत, जुम्म्याची नमाज पढून आल्यावर, तो आपल्या खाटेवर उताणा पडला होता. त्यांच्या वर्कशॉपला अजून शुक्रवारचीच सुट्टी. खोलीतली बाकीची माणसं बिर्याणी खाऊन पालथी पडलेली. फोन उशीवर, स्पीकरवर. आणि फोनच्या तोंडाशी लावून ठेवलेला एक काळा, ओरखडलेला डबा. त्याच्यावरचं लाल बटण पेटलेलं होतं. ते लाल बटण दाभोळच्या खाडीकाठी बसलेल्या कुलसुम फुफूला दिसायची काही सोय नव्हती.

फुफूनं पुढच्या बोलांची पहिली वळ सांगितली. बाजारातनं काय आणायचं ते सांगावं तशी, कोरडी ठणठणीत.

"पान दिला, सुपारी दिली."

दम घेतलान. मग दुसरी.

"तोंड फिरवून बसला गे, व्याही तोंड फिरवून बसला."

ही दुसरी वळ सांगता सांगता आवाज मधेच वाकला. 'गे'वर जरासा चढला, तिथं टेकला, आणि 'बसला'वर असा काही खाली आला की खैरुद्दीनच्या मानेवर काटा उभा राहिला. एवढंच. लगेच फुफू खाकरली.

"झाला. ठेव आता. पोरी यायच्या हायत सबकाला, पढायला."

फोन बंद झाला. लाल बटण चालूच होतं. खैरुद्दीननं ते सावकाश दाबलं, कानाला हेडफोन लावला आणि पहिल्यापासून ऐकू लागला.

आता ही फुफू कोण ते सांगायला हवं. खैरुद्दीनची आई तो रांगत असताना गेली. बाप बोटीवर. बापाची बहीण कुलसुम, तिनंच ह्याला वाढवलान. मोहल्ल्यात तिच्या आवाजाचा दरारा होता. लग्नघरी हळदीला बायका जमल्या की मधल्या खोलीचं दार लागायचं, पुरुष अंगणाच्या पार पलीकडे, आणि आत कुलसुम व्याह्याला धुवायला घ्यायची. शिव्या अशा घालायची की ज्याला बसायच्या तो दुसऱ्या दिवशी बायकोकडनं ऐकून हसायचा. खैरुद्दीन लहान होता तोवर तिच्या पाठीमागे तेलाचा रिकामा डबा घेऊन बसायचा आणि बडवायचा. ओठावर काळं दिसायला लागल्यावर एक दिवस फुफूनंच बखोट धरून त्याला दाराबाहेर काढलान. त्या दिवसापासून ती गाणी त्याच्या कानावर पडली ती भिंतीपलीकडून. बोल अर्धे, चाल पुरी.

मग फुफू हजला गेली. परत आली ती गाणं ठेवूनच आली. कोणी मागितलं नव्हतं, कोणी अडवलं नव्हतं. तिनं आपल्या मनाशी तौबा केलान आणि मोहल्ल्याला तसं सांगूनही टाकलान. तेव्हापासून ती हज्जन झाली. सकाळ-दुपार मोहल्ल्यातल्या पोरींना कुराण पढवते. लग्नघरी बोलावलं तर जाते, जेवते, आणि बायकांनी ढोलकी काढली की चपला शोधायला लागते.

आणि खैरुद्दीन इकडे. विशीत आला तो पत्र्याच्या कामात पडला. मोठमोठ्या इमारतींच्या पोटात थंड हवा खेळवायची जी पत्र्याची भुयारं असतात, ते डक्ट बनवायचे. पत्रा कापायचा, मशीनवर दुमडायचा, मोगरीनं सांधा बसवायचा, रिबिट मारायची. सगळा दिवस ठाण ठाण. दुसऱ्या माणसाचं डोकं उठेल. हा त्या आवाजात ताल धरून उभा. बरोबरचे म्हणायचे, खैरूभाई पत्रा मारत नाही, खेळवतो. माणूस तसा साधा, बोलायला फटकळ, जेवायला हावरा. एकच वेड, ठेक्याचं.

आधी तो फोनवरच ठेके बनवायचा. पण फोन हा मेला दहा जणांचा चाकर. जरा ठेका बसतोय तोवर फोरमन सतीश पाटलाचा कॉल, नाहीतर बायकोचा, नाहीतर पाणीवाल्याचा. ठेका गेला खड्ड्यात. लॅपटॉप घ्यावा तर खाटेवर ठेवायला जागा नाही, आणि ठेवला तर खोलीतली सगळी माणसं त्यात पिक्चर लावायला सांगणार. तेव्हा झुबेरनं सुचवलान.

झुबेर त्याच्या गावचाच, अजमानात कुटुंब घेऊन राहतो. फर्निचरच्या दुकानाची पिकअप चालवतो आणि सुट्टीला आपल्या लोकांच्या लग्नाकार्यात स्पीकर लावतो. स्वतःला डीजे म्हणवून घेतो. तो म्हणाला, "तुला ग्रूव्हबॉक्स पायजे. कॉम्प्युटर नाय, काय नाय. आपला आपण चालतो. एक डबा, त्यातच ढोल, त्यातच बाजा, त्यातच रेकॉर्ड. एक पोरगा इकतोय, मरीनात. चल."

दुबई मरीनातल्या त्या उंच इमारतीत वेद नावाचा पोरगा राहत होता. आईबाप पुण्याचे, हा इथेच वाढलेला. त्यानं टेबलावर दोन डबे मांडले.

"काका, ॲक्च्युअली दोन्ही ऑसम आहेत. डिपेन्ड्स ऑन युअर वर्कफ्लो."

"माझा वर्कफ्लो पत्र्याचा हाय," खैरुद्दीन म्हणाला.

झुबेर खो खो हसला. वेदला कळलं नाही, पण तोही हसला. पोरगा स्वभावानं चांगला होता. त्यानं पहिला डबा चालू केला. चकचकीत, रंगीत पडदा, हात लावला की आतून जणू अख्खी वरात निघावी. शेकडो आवाज आधीच भरलेले. दुसरा काळा, कडेला ओरखडे, एका खुंटीची टोपी गेलेली. वर रबराच्या चौकोनी गाद्या, चार ओळींत, त्या दाबल्या की वाजायचं. त्यांच्या कडेनं बारीक दिवे; ठेका चालू झाला की एकामागून एक पेटत जायचे, म्हणजे आपण कुठल्या मात्रेवर आहोत ते डोळ्यांना दिसतं.

"ह्याला वायर नको?" खैरुद्दीननं काळ्याकडे बोट केलं.

"बॅटरी आहे आत. ईझिली फोर, फाइव्ह अवर्स. तो दुसरा मात्र प्लगवरच चालतो."

खोलीत सॉकेट एक आणि माणसं सहा. चकचकीत डबा तिथंच अर्धा बाद झाला.

"आनि हा ऐकतो काय?"

"ऐकतो म्हणजे?"

"म्हणजे माझ्या वर्कशॉपचा आवाज ह्याच्यात भरता येल?"

"ओह, सॅम्पलिंग! येस, येस. हा माईक आहे ना, इथे. काहीही रेकॉर्ड करा, कापा, पॅडवर टाका. पिच बदला, स्पीड बदला. तो दुसरा सॅम्पल नाही करत. पण त्याच्यात इतके साउंड्स आहेत, काका, यू डोन्ट नीड टू."

"तो नुसता बोलतो मग. ह्यो ऐकतो नि बोलतो. ह्योच दे."

भाव ठरला. खैरुद्दीननं सवयीनं तो रुपयात करून पाहिला आणि घाईघाईनं परत दिरहममध्ये नेऊन ठेवला. रुपयात तो फार वाईट दिसत होता. झुबेर म्हणाला, "खलास. मुबारक, हबीबी." परत येताना पिकअपमध्ये खैरुद्दीन डबा मांडीवर घेऊन बसला, बाळंतपणाहून पोर घरी आणावं तसा.

पुढचे काही आठवडे त्यानं पत्राच भरला. जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉप रिकामं झालं की हा डबा घेऊन हिंडायचा. मोगरीचा घाव एका गादीवर. रिबिटचा टक्का दुसरीवर. दुमडायच्या मशीनची घरघर, लांब धरलेली, तिसरीवर. पत्रा फरशीवर टाकल्यावर जी थरथर उरते ती वेगळी. सतीश पाटील एकदा मधेच आत आला आणि हा पत्र्याला कान लावून बसलेला बघून म्हणाला, "काय, डॉक्टर, पेशंट कसाय?" त्या आवाजांचा ठेका बांधला तेव्हा खोलीतल्या माणसांनीही मान हलवली. पण तालावर काहीतरी गळा हवा होता. झुबेरच्या चुलतभावाच्या पोरीची हळद अजमानात व्हायची होती, आणि खैरुद्दीनच्या डोक्यात भिंतीपलीकडून ऐकलेली ती जुनी गाणी घुमायला लागली. म्हणून फुफूला फोन.

बोल विसरू नये म्हणून भरून घेतोय, असंच त्यानं लाल बटण दाबताना स्वतःला सांगितलं होतं. ते खरंही होतं. कागदावर लिहून घेता आलं असतं, हेही तितकंच खरं.

त्या शुक्रवारी दुपारभर तो खाटेवरून उठला नाही. फुफूचा आवाज कापलान. "पान" एका गादीवर, "सुपारी" एकीवर, "गे" एकटाच, "बसला" एकटाच. बोट लावलं की फुफू बोलायची; बोट उचललं की गप्प. पहिली वळ तिनं कोरडी सांगितली होती ना, तिचेही शब्द त्यानं एक एक धरून वर-खाली केलान, दुसरीच्या सुरात आणून बसवलान. डब्यात ती सोय आहे. शब्द ताणता येतो, पण माणूस तोच वाटतो. खाली मोगरी, रिबिट, पत्र्याची थरथर. वर फुफू. तिन्हीसांजेच्या आधी गाणं उभं राहिलं होतं, आणि त्यात कुलसुम हज्जन पहिल्यापासून शेवटपर्यंत गात होती. तोंड फिरवून बसला, बसला, बसला गे.

आमच्याकडे गाण्याच्या ओळीला वळ म्हणतात, आणि अंगावर काठी बसली की उठतो त्यालाही वळच. खैरुद्दीनला ते तेव्हा सुचलं नाही. त्याला फक्त एवढंच कळत होतं की जन्मात पहिल्यांदा आपल्या हातून काहीतरी झकास झालंय.

झुबेरला ऐकवलं तेव्हा झुबेरनं पिकअप रस्त्याच्या कडेला घेतलान.

"हा कोनाचा आवाज रे?"

"हाय एकाचा. कोनाला सांगू नको."

"अरे, पन कोनाचा?"

"गावच्या एका बाईचा. सांगू नको बोललो ना!"

पुढे खैरुद्दीनला झोंबलं ते हेच. सांगू नको असं आपण का म्हणालो? चूक कळत नसती तर लपवायचं कशाला? माहीत होतं, तरी दिलं. कारण हळदीत वाजवायचं होतं, आणि ते वाजल्यावर माणसांनी विचारायला हवं होतं, कोणी केलान हे?

वाजलं. अजमानातल्या त्या हॉलमध्ये बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मधे पडदा. आणि पडद्याच्या दोन्ही अंगाला एकच गाणं. पत्र्याचा ठेका पडला आणि म्हाताऱ्या बायकांनी आधी टाळी धरली. पोरींनी तर तीनदा मागून घेतलं. खैरुद्दीन जेवणाच्या पंगतीत बसला होता; येणारा जाणारा पाठीवर थाप मारत होता. "खैरूभाई, काय डोका हाय रे तुझा!" त्यानं पोटभर खाल्लं आणि त्या रात्री घोरत झोपला.

व्हिडिओ कोणीतरी काढलाच. आजकाल हळद व्हिडिओशिवाय लागत नाही. तो खाडीकाठी पोचायला कितीसा वेळ?

चारपाच दिवसांनी यम्नाचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. तिचा आवाज ऐकूनच तो डक्टच्या मागे सरकला.

"तुमी काय केलात ता?"

"काय केला?"

"मना नका इचारू काय केला. मोहल्ल्यात समद्यांच्या फोनात फुफू गायतेय. रिक्षावाला बी लावतोय. परकारांच्या पोरानं तर मशिदीसमोरनं जाताना वाजवलान."

"फुफूला कळला?"

"तिला कोन सांगनार? तिच्या कानावर गेला आपोआप. पोरी सबकाला येयत नाय झाल्या. आयांनी बंद केलान. बोलतायत, हज्जन परदेशातल्या लग्नात गायतेय, नि आमच्या पोरींना काय शिकवनार?"

"ती गायली नाय गे! तिनं सांगितलान खाली, मी—"

"मग तसा सांगा ना कोनाला तरी! मना काय सांगताय?"

खैरुद्दीननं फोन खिशात टाकला आणि पुन्हा पत्रा धरला. सगळं नेहमीसारखंच चाललं होतं, पण मोगरी दोनदा बोटावर बसली. रात्री तो अर्ध्या ताटावरून उठला आणि सोबतच्यांनी त्याचं ताट वाटून खाल्लं. फुफू पढवते त्याचे कोणी पैसे देत नाही की कोणी मागत नाही. पण सकाळी त्या पोरी ओसरीवर डुलत बसल्या की ती म्हातारी जिवंत असते, हे त्याला ठाऊक होतं. आता ती सकाळी ओसरीवर काय करत असेल? रिकाम्या चटया झटकत असेल? त्याला फोन लावायचा धीर झाला नाही. आज नको, उद्या लावू, जुम्म्याला लावू. तो जुम्मा गेला, पुढचाही गेला. गावाहून भाच्यापुतण्यांचे निरोप येत होते: काका, एक नंबर, काका, दुसरं कधी? एकेका निरोपावर हा अंगठा दाखवत होता आणि फोन उशीखाली सारत होता.

मग झुबेर आला. वर्कशॉपच्या फाटकाशी पिकअप उभी करून हाका मारायला लागला.

"यल्ला, खैरूभाई! रविवारला रासलखैमेत लगीन हाय. आपला गाना पायजे त्यांना. थोडा लांब कर, आनि त्यात नवऱ्याचा नाव घाल. फुफूलाच सांग ना, नाव घेऊन एक वळ पाठवायला."

खैरुद्दीन थबकला. "तुना कोनी सांगितलान फुफू म्हनून?"

"अख्खा गाव सांगतोय! तिचाच आवाज ना वळखीचा? अरे, त्यात लाजायचा काय? बाई या वयात फेमस झाली."

"तिच्याकडच्या पोरी बंद झाल्या, झुबेर."

झुबेरनं गॉगल काढलान. "ता वायट झाला," तो म्हणाला. गॉगलची काच सदऱ्याला पुसत, "पन आपन काय तिला गायला लावली? ती गायली, तू भरलास. आनि नाय गायली असंल तर सांग ना लोकांना, मशीननं गायवलान. सोपा हाय. आजकाल मशीन काय बी करते."

हे खैरुद्दीनला पटलं. म्हणजे पटावंसं वाटलं. ह्यात खोटं तरी काय होतं? पहिली वळ मशीननंच गायवली होती की. त्यानं झुबेरला ताटकळत ठेवलं आणि तिथंच फाटकाच्या सावलीत फुफूला फोन लावलान. गावी दुपारच्या अजानीची वेळ होत आली असावी; मागे कोंबड्या आणि कोणीतरी भांडी घासत असल्याचा आवाज.

"कोन?"

"मी गे. खैरू."

"हां."

एरवी 'कोन' नंतर 'जेवलास काय' यायचं. आज नुसतं हां.

"फुफू, माझी चूक झाली."

"हां."

"मी ग्रुपवर सांगतंय समद्यांना. फुफू गायली नाय, तिनं बोल सांगितलान, मशीननं त्याचा गाना केलान. मशीन करता तसा. लोकांना पटंल."

पलीकडे भांडी थांबली. फुफूनंच कोणाला तरी थांब म्हटलं असावं.

"पयली वळ मी सांगितली," ती म्हणाली. "दुसरी वळ तोंडातनं कशी गेली ता तुना बी म्हाईत हाय नि मना बी म्हाईत हाय."

खैरुद्दीन फाटकाचा गंज नखानं खरवडत राहिला.

"फोन ठेवला तवाच मना कळला. नफल नमाज पढलंय मी त्या दिवशी. ता माझा नि अल्लाचा होता. मधी तिसरा कोन नव्हता. तू होतास, मना काय म्हाईत?"

"फुफू—"

"माझ्यासाठी खोटा बोलू नको. मशीन बिशीन सांगू नको. तुझा खोटा माझ्या नावावर चढंल, ता मी कुठं फेडू?"

"मग काय करू मी? तू सांग."

"मना इचारू नको. तवा इचारायचा होता, तवा इचारलास नाय. आता कशाला इचारतंस?" आणि मग बाजूला तोंड करून, "घे गे, धर. तुझा दादला हाय फोनवर."

फोन यम्नाच्या हातात आला. यम्ना म्हणाली, "हॅलो." खैरुद्दीननं कट केलान.

झुबेर स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. "काय बोलली? पाठवतेय वळ?"

"गाना मिळनार नाय तुना."

"अरे, मी कबूल केलाय त्या लोकांना!"

"माझ्या मोगरीचा ठेका ने. खाली पत्रा. फुफू नाय."

"खाली पत्रा कोन ऐकनार? लोक काय डक्टच्या लग्नाला आलेत?" झुबेर चिडला, पण त्याचंही काही चुकत नव्हतं. "आनि माझ्या पेनड्राइव्हमधी हायच ना तो गाना. मी तुना मान देतंय म्हनून इचारतंय."

"मग मान दे नि पुसून टाक."

खैरुद्दीननं बाजूच्याच खोलीतनं डबा आणलान. झुबेरच्या डोळ्यांसमोर, पिकअपच्या गरम बॉनेटवर ठेवून, त्यानं एकेक गादी निवडली आणि आतला आवाज पुसत गेला. डबा दर वेळी इंग्रजीत विचारायचा, नक्की काय? तो दर वेळी हो म्हणायचा. "पान" गेलं. "सुपारी" गेली. "गे"वर त्याचं बोट थांबलं. असा 'गे' त्याला पुन्हा कुठं मिळणार नव्हता, भिंतीपलीकडूनही नाही, आणि ह्या क्षणाला सुद्धा आपल्याला आधी त्याचंच वाईट वाटतंय हे कळून त्याला स्वतःची किळस आली. त्यानं दाबलं. गेला.

"शहाना झालास?" झुबेर म्हणाला. "हजार फोनात हाय तो. तुझ्या डब्यातनं गेला म्हनून काय गेला?"

"म्हाईत हाय."

"मग?"

"मग काय नाय. तू तुझा पूस."

झुबेरनं पेनड्राइव्ह पुसलान की नाही, ते झुबेरला ठाऊक. जाताना त्यानं नेहमीसारखा भोंगा वाजवला नाही.

मोहल्ल्याच्या ग्रुपवर खैरुद्दीननं आवाजाचा निरोप पाठवला. चारदा भरला, चारदा खोडला, पाचव्यांदा सोडून दिला. त्यात तो म्हणाला, "सलाम समद्यांना. हळदीचा जो गाना फिरतोय तो मी केलाय. माझ्या फुफूनं मना फोनवर बोल सांगितलान. मी तिला न सांगता भरून घेतला. कापला, जोडला, नि लग्नात दिला. तिला काय बी म्हाईत नव्हता. चूक माझी हाय. कोनाच्या फोनात असंल त्यानं मेहेरबानी करून पुसा." ती गायली की नाही, ह्यावर तो एक शब्द बोलला नाही. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोलायचा हक्क आपला नव्हता.

उत्तरं आली. कोणी हात जोडलेलं चित्र पाठवलं. मशिदीच्या एका जुन्या विश्वस्तानं लांबलचक नसीहत पाठवली, बहुतेक दुसरीकडून आलेली तशीच पुढे सरकवलेली. परकारांच्या पोरानं हसणारी तोंडं पाठवली. आणि एका भाच्यानं विचारलं, "मामू, मग दुसरं रिमिक्स कोनाच्या आवाजात?"

त्यानंतरच्या आठवड्यात, वर्कशॉपमध्ये अजमानच्या एका शाळेच्या डक्टची घाई चालू असताना, यम्नाचा पुन्हा फोन आला.

"फुफू काल घरोघर गेली," ती म्हणाली.

"कुठं?"

"पोरींच्या आयांकडं. एकेकीच्या दारात उभी ऱ्हायली. बसली नाय, पानी घेतलान नाय. बोलली, पयली वळ मी सांगितली, दुसरी गायली. एक वळ गायली. तौबा केली. पोरी धाडायच्या तर धाडा, नाय तर नका धाडू."

खैरुद्दीननं डोळे मिटले. खाडीकाठचा तो चढाचा रस्ता, फुफूचे सुजलेले पाय, आणि एकेका दारात तेच वाक्य. ते वाक्य मी तिच्या तोंडी घातलं, त्याच्या मनात आलं. कापून जोडलं नाही, एवढंच.

"मग? आल्या पोरी?"

"अर्ध्या आल्या. मुल्लांच्या नाय आल्या, चौगुल्यांची धाकटी नाय आली. बाकीच्या आल्या."

"माझ्याबद्दल काय बोलली?"

"काय नाय."

"काय तरी बोलली असंल."

"तुमचा फोन आला तर देतंय म्हटला तिला. बोलली, दे. बोलीन. पन कामाचा तेवढाच बोलीन. त्याच्या फोनात आता तोंड उघडताना मना इचार करायला लागतो."

पत्र्याच्या आडून सतीश पाटलाचा आवाज आला. "खैरुद्दीन! अरे, तो वळणाचा एल्बो उलट्या अंगाला दुमडलायस. शाळा अजमानात आहे, तू हवा कुठं न्यायला निघालास, मस्कतला? यल्ला, पत्रा वाया घालवू नकोस."

"आलो, आलो."

"फुफू आता इचारते काय तुमाला, जेवलास काय म्हनून?" यम्नानं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

"ठेवतंय गे. काम हाय."

त्यानं हातमोजे चढवले. उलटा दुमडलेला तुकडा भंगाराच्या ढिगात टाकला, नवा पत्रा ओढून टेबलावर घेतला, शाळेच्या नकाशावरचं माप दोनदा वाचलं, आणि खडूनं रेघ मारायला लागला.